साठ फेऱ्यांची तफावत

५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर चालणाऱ्या इंडक्शन मोटरींच्या नेमप्लेटवर वेगाचे आकडे १४४०, २८८०, ९६०, ७२० असे अर्धवट वाटणारे असतात. १५००, ३०००, १०००, ७५० असे गोल आकडे तिथे दिसत नाहीत, तरी ते मोटरच्या आत कुठेतरी असतातच. गोल आकडा स्टेटरमध्ये फिरणाऱ्या चुंबकीय क्षेत्राचा. नेमप्लेटवरचा आकडा रोटरचा, म्हणजे शाफ्टचा, पूर्ण भार असतानाचा. या दोन वेगांमधल्या तफावतीला स्लिप म्हणतात. ही तफावत उरली नाही तर मोटर फिरवणारे बलच उरत नाही.

स्टेटर म्हणजे मोटरचा स्थिर भाग. त्याच्या खाचांत तीन फेजच्या तीन गुंडाळ्या एकमेकींपासून ठरावीक कोनावर बसवलेल्या असतात. तीन फेजमधले प्रवाह एकाच क्षणी शिखर गाठत नाहीत. आवर्तनाच्या एक-तृतीयांश अंतराने ते एकामागून एक चढतात. त्यामुळे चुंबकत्वाचा जोर एका गुंडाळीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर सरकत जातो आणि स्टेटरचा एकही कण न हलता क्षेत्र मात्र गोल फिरत राहते. वाइंडिंग दोन ध्रुवांचे असेल तर प्रवाहाच्या एका आवर्तनात क्षेत्राची एक फेरी होते. ५० हर्ट्झवर सेकंदाला ५० आणि मिनिटाला ३००० फेऱ्या झाल्या. चार ध्रुव असतील तर एका आवर्तनात अर्धीच फेरी, म्हणून १५००. सूत्र एका ओळीचे आहे: १२० ला वारंवारतेने गुणायचे आणि ध्रुवांच्या संख्येने भागायचे. हाच सिंक्रोनस वेग. ध्रुव नेहमी जोडीने येतात, त्यामुळे ३००० नंतर थेट १५०० येतात. मधला वेग ५० हर्ट्झवर मिळत नाही.

सिंक्रोनस वेग भाराने बदलत नाही, विद्युत दाबानेही बदलत नाही. तो बदलतो फक्त वारंवारतेने. भारतातल्या ग्रिडची वारंवारता ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ या पट्ट्यात ठेवायची असते, म्हणजे चार ध्रुवांच्या मोटरमधले क्षेत्र मिनिटाला साधारण १४९७ ते १५०१.५ फेऱ्या करते.

रोटरची रचना स्टेटरहून साधी. पत्र्यांच्या चकत्या दाबून केलेल्या गाभ्यात ॲल्युमिनियमचे किंवा तांब्याचे दांडे असतात आणि त्यांची दोन्ही टोके कड्यांनी जोडलेली असतात. गाभा बाजूला काढला तर हाती पिंजरा राहील, म्हणून याला पिंजरा रोटर म्हणतात. बाहेरून या पिंजऱ्याला एकही तार जात नाही. कार्बन ब्रश नाहीत, कम्युटेटर नाही, ठिणग्या नाहीत. विहिरीच्या ओलाव्यात किंवा गिरणीच्या पिठात ही मोटर वर्षानुवर्षे टिकते ती या साधेपणामुळे.

मग रोटरमध्ये प्रवाह येतो कुठून? वाहक आणि चुंबकीय क्षेत्र एकमेकांच्या सापेक्ष हलले की वाहकात विद्युत दाब निर्माण होतो, हे मायकल फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवले. फिरणारे क्षेत्र पिंजऱ्याच्या दांड्यांवरून सरकते, दांड्यांत दाब निर्माण होतो आणि टोकांची कडी जोडलेली असल्याने प्रवाह वाहतो. या प्रवाहावर क्षेत्राचे बल लागते व रोटर क्षेत्राच्या मागे धावू लागतो. इथे ‘सापेक्ष’ हा शब्द कळीचा आहे. शेजारच्या रुळावरून तेवढ्याच वेगाने जाणारी लोकल खिडकीतून जागच्या जागी उभी दिसते. रोटरने १५०० चा वेग गाठला तर त्यालाही क्षेत्र तसेच उभे दिसेल. दांड्यांवरून काहीच सरकत नसल्याने दाब नाही, प्रवाह नाही आणि टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोरही नाही. त्याच क्षणी बेअरिंगचे घर्षण आणि पंख्याची हवा रोटरला मागे खेचतील. तो थोडा मागे पडला की पुन्हा प्रवाह, पुन्हा टॉर्क. भाराला लागणारा टॉर्क निर्माण होण्यापुरते मागे पडणे, एवढ्यावर रोटर स्थिरावतो. भार वाढला की तो आणखी थोडा मागे पडतो आणि तेवढ्यानेच वाढीव टॉर्क मिळतो. कुठलेही नियंत्रक न बसवता मोटर भार ओळखते ती अशी.

स्लिप मोजायची रीत सोपी आहे. सिंक्रोनस वेगातून रोटरचा वेग वजा करायचा आणि उत्तराला सिंक्रोनस वेगाने भागायचे. १५०० वजा १४४० म्हणजे ६०, भागाकार ०.०४, म्हणजे ४ टक्के. मोटर थांबलेली असताना स्लिप १ किंवा १०० टक्के असते आणि सिंक्रोनस वेगाला शून्य. चार ध्रुवांची मोटर रिकामी चालवली तर स्लिप अर्ध्या टक्क्याहून कमी राहते, टॅकोमीटर १४९५ च्या आसपास दाखवतो.

स्लिपने आणखी एक गोष्ट ठरते: रोटरमधल्या प्रवाहाची वारंवारता. ती पुरवठ्याच्या वारंवारतेला स्लिपने गुणून मिळते. बटण दाबले त्या क्षणी रोटरमध्ये पूर्ण ५० हर्ट्झ असतात. १४४० फेऱ्यांवर उरतात फक्त २ हर्ट्झ. हे २ हर्ट्झचे प्रवाह स्वतःचे एक क्षेत्र निर्माण करतात आणि ते रोटरच्या अंगावर मिनिटाला ६० फेऱ्यांनी पुढे सरकते. रोटर स्वतः १४४० ने फिरतोय. बाहेरून पाहिले तर बेरीज १५००. म्हणजे रोटर मागे राहिला तरी त्याचे क्षेत्र स्टेटरच्या क्षेत्राबरोबर अचूक चालते. दोन क्षेत्रांमधला कोन बदलत नाही, म्हणूनच टॉर्क धक्के न देता सलग मिळतो. स्लिप कितीही असो, ही बेरीज चुकत नाही. इंडक्शन मोटरच्या सिद्धांतातली सर्वांत देखणी गोष्ट बहुधा हीच असावी.

स्लिपची किंमत उष्णतेच्या रूपाने मोजावी लागते, आणि तिचा हिशेब काटेकोर आहे. स्टेटरकडून हवेच्या फटीतून रोटरला मिळणाऱ्या शक्तीपैकी स्लिपइतका हिस्सा रोटरच्या दांड्यांत तापून जातो, बाकीचा यांत्रिक शक्ती बनतो. १० एचपीच्या, म्हणजे साधारण ७.५ किलोवॉटच्या मोटरचे उदाहरण घेता येईल. घर्षण धरून रोटरने ७.६५ किलोवॉट निर्माण करायचे असतील आणि स्लिप ४ टक्के असेल, तर फटीतून जवळजवळ ८ किलोवॉट यावे लागतात आणि सुमारे ३२० वॉट पिंजऱ्यात जातात. हे प्रमाण चांगल्या-वाईट बनावटीवर अवलंबून नाही. अर्ध्या वेगावर, ५० टक्के स्लिपला, रोटरकडे आलेली निम्मी शक्ती उष्णता होणारच.

याच हिशेबाने एका मोठ्या शास्त्रज्ञाला चकवले. इटलीत तुरिन येथे गॅलिलिओ फेरारिस यांनी १८८५ मध्ये वेगवेगळ्या फेजच्या दोन प्रवाहांनी फिरते क्षेत्र निर्माण करून तांब्याचा दंडगोल फिरवून दाखवला. मार्च १८८८ मध्ये त्यांनी हे काम तुरिनच्या विज्ञान अकादमीपुढे मांडले. निकोला टेस्ला यांची अमेरिकी पेटंटे त्याच वर्षी १ मे रोजी मंजूर झाली. फेरारिस यांनी जास्तीत जास्त शक्ती कोणत्या वेगाला मिळते ते काढले. उत्तर आले अर्ध्या वेगाला. तिथे कार्यक्षमता ५० टक्क्यांच्या वर जाऊच शकत नाही, म्हणून उद्योगाला या यंत्राचा उपयोग नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. गणितात चूक नव्हती. मात्र मोटर जास्तीत जास्त शक्तीच्या बिंदूवर चालवायची, हे गृहीतक कुणी सांगितले होते? बर्लिनच्या एईजी कंपनीतल्या मिखाईल डोलिवो-डोब्रोवोल्स्की यांना ते पटले नाही. रोटरचा रोध कमी ठेवला तर अगदी थोड्या स्लिपलाच भरपूर प्रवाह आणि भरपूर टॉर्क मिळेल, हे त्यांनी ओळखले आणि १८८९ मध्ये तीन फेजची पिंजरा मोटर घडवली. १८९१ मध्ये लाउफेनहून १७५ किलोमीटरवरून आणलेल्या तीन फेज विजेवर फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात १०० एचपीची अशी मोटर पंप चालवून कृत्रिम धबधब्याला पाणी पुरवत होती.

रिकाम्या मोटरपासून पूर्ण भारापर्यंत स्लिप आणि टॉर्क जवळजवळ सरळ रेषेत वाढतात. पूर्ण भारावर १४४० फेऱ्यांची मोटर १४७० ने फिरत असेल तर ती साधारण अर्ध्या भारावर आहे असे मानता येते. मात्र ही रेषा पुढे वाकते. स्लिप वाढते तशी रोटरची वारंवारता वाढते आणि पिंजऱ्याचा रिॲक्टन्स, म्हणजे वारंवारतेबरोबर वाढणारा विरोध, रोधावर मात करू लागतो. प्रवाह वाढतो खरा, पण तो दाबाच्या मागे रेंगाळतो आणि टॉर्क निर्माण करायला निरुपयोगी ठरत जातो. रोध आणि रिॲक्टन्स समान होतात त्या स्लिपला टॉर्क शिखरावर असतो. नेहमीच्या मोटरींत तो पूर्ण भाराच्या दोन ते तीन पट भरतो. भार या शिखराच्या वर गेला की रोटर सावरत नाही. मागे पडल्याने टॉर्क आणखी घटतो, घटल्याने तो आणखी मागे पडतो आणि काही क्षणांत मोटर गुरगुरत अडून बसते.

शेतातल्या पंपांच्या बाबतीत खरा घात याच रेषेवर होतो. टॉर्क दाबाच्या वर्गाप्रमाणे बदलतो. वीज ठरावीक तासच मिळते, ती आली की डीपीवरचे सगळे पंप एकदम सुरू होतात, आणि लाइनच्या शेवटच्या विहिरीवर ४१५ ऐवजी ३३० व्होल्ट पोचतात असे धरू. ३३० भागिले ४१५ चा वर्ग ०.६३ येतो. तेवढाच टॉर्क मिळवायचा तर स्लिप १.६ पट, म्हणजे ४ वरून ६.३ टक्क्यांवर जायला हवी. वेग १४४० वरून १४०५ च्या आसपास येतो. कानाला हा फरक कळत नाही, पाण्याच्या धारेतही जेमतेम जाणवतो. पण शक्ती तेवढीच राखण्यासाठी प्रवाह सुमारे सव्वापट झाला आणि उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढत असल्याने स्टेटरच्या तांब्यातली उष्णता दीडपटीहून जास्त. रोटरची उष्णताही तशीच वाढलेली. पंपाचा भार वेगाबरोबर थोडा उतरतो म्हणून प्रत्यक्षात परिस्थिती किंचित सौम्य असते, तरी रिवाइंडिंगच्या दुकानात येणाऱ्या जळालेल्या मोटरींमागे कमी दाब हे जुने कारण आहे. एक फेज जाण्याने होणारे नुकसान याहून वेगाने होते: चालू मोटर उरलेल्या दोन फेजांवर जास्त स्लिप घेऊन फिरत राहते, प्रवाह भलताच चढतो, आणि स्टार्टरचा रिले वेळेवर पडला नाही तर वाइंडिंग काळे होते. थांबलेली मोटर मात्र अशा वेळी नुसती गुंगुं करते.

सुरुवातीला स्लिप १०० टक्के असल्याने पिंजरा मोटर पूर्ण भाराच्या सहा-सात पट प्रवाह ओढते. स्टार-डेल्टा स्टार्टर हा प्रवाह एक-तृतीयांशावर आणतो, पण टॉर्कही एक-तृतीयांश होतो. सेंट्रिफ्युगल पंपाला कमी वेगात फारसा टॉर्क लागत नाही म्हणून तिथे हे चालते. भरलेल्या क्रशरला चालत नाही. अशा ठिकाणी स्लिप रिंग मोटर वापरली जात असे, काही ठिकाणी अजूनही वापरली जाते. तिच्या रोटरवर पिंजऱ्याऐवजी वाइंडिंग असते आणि कड्यांमधून बाहेरचा रोध जोडता येतो. रोध वाढवला की टॉर्कचे शिखर तेवढ्याच उंचीचे राहून जास्त स्लिपकडे सरकते. ते नेमके थांबलेल्या अवस्थेवर आणून ठेवता येते. मोटरने वेग घेतला की रोध टप्प्याटप्प्याने काढून टाकायचा.

पिंजरा रोटरमध्येही ही युक्ती साधली आहे, तीही हलणारा भाग न वापरता. दांडे खोल आणि अरुंद केले की सुरुवातीच्या ५० हर्ट्झला प्रवाह दांड्याच्या वरच्या कडेला गोळा होतो. वाहायला जागा कमी, म्हणजे रोध जास्त आणि सुरुवातीचा टॉर्क चांगला. वेग आला की वारंवारता २ हर्ट्झवर उतरते, प्रवाह पूर्ण दांड्यात पसरतो आणि रोध आपोआप घटतो. दांडे थोडे तिरके ठेवण्यामागे वेगळे कारण आहे. स्टेटरच्या क्षेत्रात मुख्य लहरीबरोबर उपलहरीही असतात. त्यातली सातवी सिंक्रोनस वेगाच्या एक-सप्तमांशाने, म्हणजे मिनिटाला २१४ फेऱ्यांनी त्याच दिशेत फिरते. रचना नीट नसेल तर रोटर त्या लहरीला धरून तिथेच रांगत राहतो, पुढे चढतच नाही. तिरके दांडे असल्या उपलहरींचा जोर मोडतात.

घरातला छताचा पंखाही इंडक्शन मोटरच आहे, एका फेजची आणि कपॅसिटरवर चालणारी. अपवाद फक्त नव्या बीएलडीसी पंख्यांचा. चौदा ध्रुवांच्या पंख्याचा सिंक्रोनस वेग ४२८ येतो आणि तो फिरतो साधारण ३५० ने. स्लिप १८ टक्के. तीन फेजच्या मोटरला हे परवडले नसते. पंखा मुद्दाम जास्त रोधाचा करतात, म्हणजे रेग्युलेटरने दाब कमी केला की स्लिप वाढून वेग उतरतो. हवेचा भार वेगाबरोबर झपाट्याने घटत असल्याने आणि मुळात काही दहा वॉटांचाच प्रश्न असल्याने ही उधळपट्टी इतकी वर्षे खपून गेली.

रोटरला बाहेरून ढकलून १५०० च्या पुढे नेले तर स्लिप ऋण होते. दांडे आता क्षेत्राला मागे टाकतात, प्रवाहाची दिशा उलटते आणि मोटर जनरेटर होऊन ग्रिडला वीज देऊ लागते. साताऱ्याच्या पठारांवर उभारलेल्या जुन्या पिढीच्या पवनचक्क्या याच तत्त्वावर बसवलेल्या आहेत. चार ध्रुवांचे यंत्र १५१५ फेऱ्यांनी फिरवले की स्लिप उणे १ टक्का. मुंबईच्या तीन फेज मोटरींच्या लोकल ब्रेक लावताना वीज तारेत परत पाठवतात, तेव्हाही हेच घडते. फरक एवढाच, की तिथे वेग घटत असतो आणि पुरवठ्याची वारंवारता बदलणारा इन्व्हर्टर क्षेत्राचा वेग त्याहून किंचित कमी ठेवत जातो.

इन्व्हर्टर किंवा व्हीएफडी आल्यापासून स्लिपची टक्केवारी थोडी फसवी झाली आहे. वारंवारता २५ हर्ट्झ केली, दाबही त्याच प्रमाणात निम्मा केला आणि टॉर्क पूर्ण ठेवला, तर क्षेत्र ७५० ने फिरते आणि रोटर ६९० ने. टक्केवारी ८ झाली म्हणून मोटर बिघडली असे समजण्याचे कारण नाही. तफावत साठ फेऱ्यांचीच आहे, रोटरमध्ये तेच २ हर्ट्झ आणि तेवढीच उष्णता आहे. टॉर्क ठरतो तो या साठ फेऱ्यांनी, टक्क्यांनी नव्हे. त्यामुळे अचूक नियंत्रणाचे ड्राइव्ह रोटरची वारंवारता हर्ट्झमध्येच धरून चालतात.

प्रत्यक्ष मोजमाप दिसते तितके सोपे नाही. दोन जवळजवळ समान आकड्यांची वजाबाकी असल्याने टॅकोमीटरची पाच फेऱ्यांची चूक अर्ध्या भारावरच्या तीस फेऱ्यांच्या स्लिपमध्ये सहाव्या हिश्श्याची चूक होते. ग्रिडची वारंवारता ०.१ हर्ट्झने सरकली तरी तीन फेऱ्यांचा फरक पडतो. तापमानाचाही वाटा मोठा: दांडे ६० अंशांनी तापले की त्यांचा रोध जवळजवळ पाव हिश्श्याने वाढतो, म्हणून तापल्यावर १४४० वर चालणारी मोटर सुरू केल्या केल्या १४५० च्या वर दिसते. शिवाय एक किलोवॉट व त्यावरच्या मोटरींसाठी नेमप्लेटवरच्या स्लिपला आंतरराष्ट्रीय मानकात २० टक्क्यांची सूट आहे. १४४० छापलेली मोटर १४२८ ते १४५२ मध्ये कुठेही असली तरी नियमात बसते.

पिंजऱ्यातला एखादा दांडा तुटला तर त्याची खूणही स्लिपच्याच पटीत उमटते. प्रवाह स्लिप वारंवारतेच्या दुप्पट गतीने कमी-जास्त होतो. भारावर चालणाऱ्या मोटरच्या ॲमीटरचा काटा ठरावीक लयीत झुलताना दिसतो. २ टक्के स्लिप असेल तर प्रवाहाच्या विश्लेषणात ५० हर्ट्झच्या दोन्ही बाजूंना, ४८ आणि ५२ वर, छोटी शिखरे येतात. मोटर न उघडता पिंजऱ्याची तपासणी होते ती या दोन शिखरांवरून.

आयई३ या उच्च कार्यक्षमतेच्या वर्गातल्या मोटरींत रोटरचा रोध कमी ठेवलेला असल्याने स्लिपही कमी असते. पंपावरची १४४० ची जुनी मोटर काढून १४६० ची नवी बसवली, तर पंप त्याच पाइपलाइनवर थोडा जास्त वेगाने फिरतो. मुख्यतः घर्षणाविरुद्ध पाणी ढकलणाऱ्या पंपाला लागणारी शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे वाढते, आणि १४६० भागिले १४४० चा घन १.०४२ येतो. म्हणजे शक्तीची मागणी चार टक्क्यांनी वाढली. नव्या मोटरची कार्यक्षमता तीन टक्के चांगली असली तरी मीटर जुन्याहून थोडे जास्तच युनिट दाखवेल. पाणीही जास्त येईल, पण ते नको असेल तर इंपेलर थोडा छाटून घ्यावा लागतो किंवा पट्ट्यावर चालणाऱ्या पंपाची पुली बदलावी लागते.